वस्तीच्या गाडीतले अण्णा आणि त्यांच्या सहा वह्या

सुरंगी

अण्णा गेले त्याला परवा महिना झाला. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे उभे राहत होते तेव्हा ते दवाखान्यातून घरी आले, आणि नंदीध्वज निघाले त्या पहाटे गेले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, घरच्यांना तसं विचारलेलं नाही. शिवाय एसटीत ते कंडक्टर होते, तिथे त्यांना नावाने हाक मारलेली मी तरी कधी ऐकली नाही. डेपोतले चालक-वाहक, मैंदर्गीचे दूधवाले, अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघालेली माणसं, सगळ्यांचे ते अण्णाच.

मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. 1994 साली मैंदर्गीच्या अलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी नेमणूक झाली. शाळा मराठी, पुस्तकं मराठी, आणि पहिलीच्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरात मराठीचा एक शब्द नाही. सगळं कानडी. तिसऱ्याच दिवशी एक मुलगी रडायला लागली. "होट्टी, होट्टी" एवढंच म्हणत होती. मला वाटलं, रोटी मागतेय, भूक लागली असेल. मी माझा डबा उघडून तिच्या हातात भाकरी दिली. ती आणखीच रडली.

संध्याकाळच्या गाडीत तिकीट काढताना मी कंडक्टरांना विचारलं, होट्टी म्हणजे काय हो? त्यांनी पंच खाली ठेवला. "बाई, होट्टी म्हणजे पोट. लेकराचं पोट दुखत होतं." मी गप्पच झाले. सोलापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. उतरताना त्यांनी एका रद्द तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार शब्द लिहून दिले. होट्टी पोट, तली डोकं, नीर पाणी, बा ये. दुसऱ्या दिवशी गाडीत चढल्या चढल्या पहिला प्रश्न, "कुठला शब्द कामाला आला?"

तेव्हापासून रोज चार शब्द. आणि नुसते शब्द नाहीत. महिनाभराने ते म्हणाले, "आज ह्या आजींच्या शेजारी बसा. त्यांना मराठी येत नाही. वळसंग येईपर्यंत त्यांना नातवंडं किती, ते मला सांगायचं." मी घामाघूम. आजींनी माझा हात हातात घेतला आणि बोटं मोजून सांगितलं, ओंदु, एरडु, मूरु. वळसंगच्या थांब्यावर अण्णांनी लांबूनच भुवया उंचावल्या. मी सात बोटं दाखवली.

त्यांची घरची भाषा तेलुगू, सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकराचं घर. गल्लीत मराठी, मित्रांत दखनी उर्दू. 1974 साली एसटीत लागले आणि अक्कलकोट, दुधनी, गुलबर्गा, मंद्रूप, विजापूर असं फिरताना कानडी आली. मग बंजारा तांड्यावरच्या प्रवाशांकडून गोरमाटी. टोपल्या विणणारं एक कैकाडी कुटुंब दर बाजाराला त्यांच्या गाडीत असायचं, त्यांच्याकडून त्यांची बोली. शिक्षण दहावीपर्यंत. व्याकरणाचं पुस्तक त्यांच्या घरात नव्हतं.

होत्या त्या वह्या. शंभर पानी, सहा. गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलाने मला बोलावून त्या हातात दिल्या. "बाई, तुम्हीच वाचू शकाल," म्हणाला. मला त्यातलं निम्मं वाचता येत नाही. तेलुगू शब्द तेलुगू लिपीत, कानडी कानडीत, बाकी सगळं देवनागरीत. प्रत्येक पानावर मध्यभागी एक मराठी शब्द आणि भोवती बाकीच्या भाषा. "तुमच्याकडं ह्याला काय म्हणतात?" हा प्रश्न ते आयुष्यभर प्रत्येकाला विचारत आले. त्याची ही उत्तरं. खाली बारीक अक्षरात कोणाकडून मिळालं तेही आहे: "मैंदर्गी, दूधवाला", "इटकळ, लग्नाचं वऱ्हाड".

एका पानावर शब्द आहे "येतो". निरोप घेतानाचा. आपण घरातून निघताना "जातो" म्हणत नाही ना, तो. त्याभोवती लिहिलंय: कानडी, होगि बर्तेन्री. तेलुगू, पोयि वस्ता. दखनी, जाको आतूं. आणि बाजूला अण्णांचं वाक्य, "सगळे जाऊन परत येतो म्हणतात." त्याखाली "गोरमाटी" लिहून रेघ ओढली आहे. रेघेपुढे काही नाही. वही शेवटची आहे.

इथे सोलापूरकडचे पुष्कळ जण आहेत. कोणी त्यांच्या गाडीने गेला असाल तर लिहा. आणि वह्या वाचायला मला मदत हवी आहे.

---

कैरी

वाचून गलबलून आलं. अण्णांना नमस्कार. आजींशेजारी बसवायची युक्ती माझ्या कायम लक्षात राहील.

---

माळढोक

सुरंगीताई, तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांच्या मांडीवर मी बसलोय. माझे वडील चालक होते, अण्णांबरोबर वस्तीच्या गाडीवर बरीच वर्षं काढली. सुट्टीत मलाही न्यायचे.

वस्तीची गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावाला मुक्काम आणि पहाटे तीच गाडी परत. गावात जेवण व्हायचं, कडक भाकरी, शेंगाची चटणी, कधी कोणाकडे हुग्गी. मग वडील सीटवर आडवे व्हायचे आणि अण्णा मला घेऊन टपावर जायचे. उशाला ट्रान्झिस्टर. आधी धारवाड लावायचे, मग गुलबर्गा, मग हैदराबाद. बातम्या सुरू झाल्या की निवेदकाच्या मागोमाग ओठातल्या ओठात तेच वाक्य म्हणायचे. अर्धा शब्द मागे, पण चुकायचे नाहीत. मी विचारलं, कळतंय का सगळं? म्हणाले, "आधी तोंडाला कळू दे. डोक्याला मागनं कळतं."

दुसरं म्हणजे गाडीत गर्दी झाली की पुढे सरका म्हणायची त्यांची रीत. सोलापूर स्टँडवर "चला, पुढं चला". अक्कलकोट सोडलं की "मुंदक होग्री". उमरग्याच्या गाडीत दखनीत. आणि तिरुपतीला निघालेली पूर्व भागातली मंडळी असली की "जरगंडी, जरगंडी!" तिरुपतीच्या रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही हा शब्द लगेच ओळखू येईल. सगळी गाडी हसत हसत पुढे सरकायची.

वडील आता ब्याऐंशीचे आहेत. त्यांना तुमचं लिखाण वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याची डबल बेल ऐकली की कळायचं, आज मूड कसा आहे."

---

भीमाकाठ

अण्णांना आदरांजली. मी मंद्रूपकडचा, त्यांना पाहिलं असणारच. पण एक शंका मनापासून विचारतो, राग मानू नका. सोलापुरात तीन-चार भाषा कोणाला येत नाहीत? मंडईत बसणारी बाई गिऱ्हाईक बघून भाषा बदलते. यंत्रमागाच्या कारखान्यात मालक-कामगार एका वाक्यात दोन भाषा वापरतात. माझी आई घरी कानडी, शेतात मराठी. मग अण्णांची वेगळी देणगी ती काय? आपल्याकडचं साधं रोजचं जगणं आपण लांबून आलेल्या माणसाच्या डोळ्यांनी बघतोय का?

---

सुरंगी

भीमाकाठ, राग कशाला? शंका रास्त आहे आणि अण्णांनीही हेच म्हटलं असतं. त्यांना कोणी "किती भाषा येतात हो तुम्हाला" म्हटलं की ते शेजारच्या भाजीवालीकडे बोट दाखवायचे.

पण फरक होता. बाकीचे बोलतात आणि पुढे जातात. अण्णा थांबायचे. एक प्रसंग सांगते.

शाळेच्या पटांगणात मुलं विटीदांडू खेळत होती. गाडी सुटायला वेळ होता. मी सहज माझ्या लहानपणची मोजणी म्हटली, वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू. माझे भाऊ कोकणात अंगणात हेच ओरडायचे. अण्णा वेबिल भरत होते. त्यांचा हात थांबला. "परत म्हणा." मी म्हटलं. "परत." मग बोटांवर घेतलं त्यांनी. "वकट म्हणजे आमचं ओकटी, एक. लेंड म्हणजे रेंडु. मूंड, मूडु. नाल, नालुगु. बाई, तुम्ही समुद्राकाठी बसून तेलुगू मोजत होता!"

अख्ख्या महाराष्ट्रात पोरं हे शब्द म्हणतात. मी पस्तिशीला आले होते, शिक्षिका होते, मला कधी प्रश्नच पडला नव्हता. त्यांचं तेवढ्यावर भागलं नाही. "नालनंतर आर. आर म्हणजे सहा. वेद म्हणजे आमचं एडु, सात. मग पाच कुठं गेले?" पाचला तेलुगूत ऐदु. तो कुठल्या गावात, कुठल्या पोराच्या तोंडून गळाला, हे शोधायचं त्यांनी मनावर घेतलं. तिसऱ्या वहीत "पाच" नावाची अकरा पानं आहेत. प्रत्येक गावची मोजणी, कोणी सांगितली, वय काय. काही ठिकाणी क्रम वेगळा आहे. पाच त्यांना सापडले की नाही, ते मला अजून नीट लागलेलं नाही.

तुमच्या आईंना विचारून बघाल का, त्यांच्याकडे कशी मोजणी होती?

---

भीमाकाठ

उत्तर पटलं. आईला विचारतो. आणि शब्द मागे घेत नाही, पण आता वेगळ्या कानाने ऐकीन. काल रात्रीच आई नातवाला म्हणाली, "तूप वाढ की रे थोडं." मी लगेच बायकोला म्हटलं, तूप हा शब्द कानडीतलाच, तुप्पा. अडकित्तासुद्धा. अडकी म्हणजे सुपारी. आजवर कधी डोक्यात आलं नव्हतं.

---

पूर्वभाग

मी पद्मशाली, आता पुण्यात असतो. अण्णा आमच्या नात्यातले नव्हते, पण मार्कंडेय मंदिरात भेटायचे. आजीशी त्यांचं फार जमायचं. आजी करीमनगरकडची. आमचं सोलापूरचं तेलुगू म्हणजे तेलंगणाचा पाया आणि वर मराठीचा गिलावा. आम्ही "एट्लुन्नव" म्हणतो, आंध्रचे लोक "एला उन्नाव" म्हणतात. हैदराबादचे पाहुणे आले की आमच्या बोलण्याला हसायचे आणि आम्ही पोरं लाजून मराठीत शिरायचो. अण्णांनी एकदा अशा पाहुण्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्या म्हातारीच्या तोंडात जे शब्द आहेत, ते तुमच्या गावात आता कोणाला येत नाहीत. हसू नका, लिहून घ्या." आजी दुसऱ्या दिवसापासून घरात मोठ्याने तेलुगू बोलायला लागली. मीही.

वहीतला "पोयि वस्ता" बरोबर आहे. आमच्या घरात त्याचं "पोयोस्त" होतं.

आणखी एक. त्यांचे वडील हातमागावर होते. आमच्याकडे मागाला मग्गम म्हणतात, कानडीत मग्ग, मराठीत माग. हे तीन शब्द अण्णा एका दमात म्हणायचे, धोटा इकडून तिकडे गेल्यासारखे.

तेलुगू पानं मी वाचून देईन. फोटो पाठवा.

---

शब्दवेल्हाळ

मी भाषाविज्ञान शिकवतो. कामाच्या धबडग्यात इथे क्वचित लिहितो, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

"येतो"चं पान फार मोलाचं आहे. मराठी आणि दखनी आर्यभाषा, कानडी आणि तेलुगू द्राविडी. कुळं वेगळी. पण निरोप घेताना सगळ्यांची रीत एकच, जाऊन येतो. तमिळ माणूसही "पोय्ट्टु वर्रेन" म्हणतो. वेगळ्या कुळांच्या भाषा एका भूमीत नांदून एकमेकींसारख्या होतात, याला आम्ही भाषिक क्षेत्र म्हणतो. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी 1956 साली भारताबद्दल हे सविस्तर मांडलं.

आणि ह्याचा सगळ्यात गाजलेला पुरावा आपल्याच भागातला आहे. सांगलीजवळचं कुपवाड. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी तिथल्या मराठी, कानडी आणि उर्दूचा अभ्यास करून 1971 साली लेख प्रसिद्ध केला. त्यांना आढळलं की शेकडो वर्षं शेजारी राहून ह्या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं. शब्द मात्र प्रत्येकीने आपापले राखले. जगभर भाषाविज्ञानाच्या वर्गांत कुपवाडचं नाव घेतलं जातं.

सुरंगी, अण्णा तुम्हाला शिकवताना वाक्याबद्दल काही सांगायचे का? कुतूहल आहे.

---

सुरंगी

अंगावर काटा आला. सांगायचे. मी सुरुवातीला कानडी वाक्य करताना अडखळायचे, क्रियापद कुठे ठेवू, "ला" कुठे लावू. तेव्हा ते म्हणाले होते, "बाई, माग तोच आहे. सूत तेवढं बदलायचं." मी ते विणकराच्या मुलाचं बोलणं म्हणून लक्षात ठेवलं होतं. कुपवाडचं त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

ते असते तर दुसऱ्या दिवशी सांगलीची गाडी पकडून कुपवाडला गेले असते.

---

चारमिनार चहा

हैदराबादहून लिहितोय, तीन पिढ्या इथेच, घरी मराठी. "जाको आतूं" वाचून घरी बसल्यासारखं वाटलं. दखनीत जाके-खाकेच्या जागी जाको-खाको. आणि मराठीचं देणं बघा: "नक्को" आणि "इच". "मैंइच बोला", "ऐसाइच है". आपला "मीच", "असाच" मधला च. उत्तरेकडच्या उर्दूवाल्यांना हे ऐकून नवल वाटतं.

उमरगा रस्त्याच्या पानांत दखनी असेल तर मला पाठवा. आमच्या शेजारच्या खालाजान सत्तरीच्या आहेत, त्यांना बसवून वाचतो.

---

देवराई

मी कोकणातलाच, म्हणून सुरंगीताईंना विचारतो. अण्णांनी तुमच्याकडून काय घेतलं? वहीत कोकण आहे का?

---

सुरंगी

आहे! पाचव्या वहीत चार पानं. खेकडा, कुर्ली, चिंबोरी. भरती-ओहोटीचे शब्द. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता तेव्हा. "पाणी येतं आणि जातं, मग वेळापत्रक असेल की," म्हणाले आणि मी समजावलेलं सगळं लिहून घेतलं, दर दिवशी भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते इथपर्यंत. 2003 च्या मे महिन्यात ते आणि वहिनी आमच्या घरी आले. आईशी ते पहिल्या दिवसापासून आमच्यासारखं बोलायला बघत होते. आई म्हणाली, "ह्यो घाटावरचा नाय वाटत." त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी पुन्हा पाहिला नाही.

---

माळढोक

वडिलांनी आणखी एक आठवण सांगायला लावली आहे. अण्णांना डॉक्टर कोटणीसांचं फार होतं. कोटणीस सोलापूरचे, जन्म 1910 चा. 1938 साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते. तिथे ते चिनी शिकले, जखमी सैनिकांशी त्यांच्या भाषेत बोलायचे, आणि 1942 साली तिथेच गेले, अवघे बत्तीस वर्षांचे. त्यांच्या मुलाचं नाव यिनहुआ, त्यात भारतही आहे आणि चीनही. नवा कंडक्टर कानडी गावाच्या ड्यूटीला नाक मुरडायला लागला की अण्णा म्हणायचे, "आपल्या गावचा डॉक्टर चिनी शिकला बे. तुला मैंदर्गीची कानडी जड जाती होय?"

कैकाडी पानांबद्दल: वडिलांच्या ओळखीचं एक कुटुंब आहे, सेटलमेंट भागात. त्यांच्या आज्ज्याला ते टोपल्यांसकट गाडीत घ्यायचे. विचारून ठेवलंय.

---

शब्दवेल्हाळ

कैकाडीचं जरूर करा, आणि लवकर. तिचं नातं तमिळच्या बाजूला जातं, सोलापुरात बसून हे ऐकायला मिळणं विशेष आहे. इंग्रजांच्या काळातल्या गुन्हेगार जमाती कायद्याने ह्या लोकांना तारेच्या कुंपणाआड कोंडलं होतं, 1952 साली सुटका झाली. पुष्कळ घरांत पुढच्या पिढीला बोली मुद्दाम शिकवली नाही, लोक ओळखतील म्हणून. अण्णांना त्यांनी शब्द दिले, ह्याचा अर्थ त्यांच्यावर विश्वास होता. वाचताना कुटुंबातलं कोणी समोर असू द्या आणि त्यांना नको असेल ते पान बाहेर काढू नका.

---

गोरमाटी

नमस्कार. मी फक्त वाचणारा, आज पहिल्यांदा लिहितोय. आमचा तांडा सोलापूरपासून जवळ. अण्णा आमच्या याडीला (आईला) "याडी" म्हणूनच हाक मारायचे, आणि ती त्यांना तिकिटाचे पैसे देताना पदराची गाठ मुद्दाम हळू सोडायची, बोलायला वेळ मिळावा म्हणून.

ती रेघ वाचली आणि मी याडीला फोन केला. निघताना आपण काय म्हणतो, सांग. तिने सांगितलं. तेच मी रोज म्हणतो, पण नागरीत लिहिलं की वेगळंच वाटतं, शेवटचा सूर बसत नाही. म्हणून तिचा आवाज रेकॉर्ड करून सुरंगीबाईंना पाठवला आहे. तिने दोनदा म्हटलंय. एकदा मला, एकदा अण्णांना.

---

सुरंगी

आवाज पोचला.

रविवारी सकाळी आम्ही अण्णांच्या घरी बसलो होतो. वहिनी, त्यांचा मुलगा, सून, माळढोक आणि त्यांचे वडील, आणि पुण्याहून पूर्वभाग आले होते. तेलुगू पानं वाचून झाली, पहिल्या दोन वह्यांची. मध्येच वहिनी म्हणाल्या, हा शब्द माझ्या आईचा आहे, आणि उठून आत गेल्या. कैकाडी पानांसाठी पुढच्या रविवारी ते कुटुंब येणार आहे. भीमाकाठ यांच्या आईंनी मोजणी सांगितली, ती "पाच"च्या बाराव्या पानावर गेली.

मग मोबाइल मध्ये ठेवून याडींचा आवाज लावला. माळढोकांच्या वडिलांना ऐकू कमी येतं, म्हणून मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. सगळ्यांनी आळीपाळीने म्हणून पाहिलं. सुनेला सगळ्यात चांगलं जमलं. गोरमाटी, तुम्ही म्हणालात ते खरं आहे, शेवटचा सूर लिहिता येत नाही. पण रेघ मोकळी ठेवायची नाही, असं वहिनी म्हणाल्या. अण्णांच्या पानावर शाईने लिहायला माझा हात धजावला नाही. पेन्सिलीने लिहिलं आहे, आणि खाली त्यांच्याच पद्धतीने बारीक अक्षरात: "तांडा, याडी."